बस एक, घराणी चार

"आता बस झालं. बसमध्ये जाऊन बस. ये तेरे बस का काम नहीं." बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, असं कुणी बोललं तर कुणी वळूनही बघणार नाही. नागपुरात मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून परत मराठीत बोलणं असंच वाहत जातं. पण या 3 वाक्यांत 'बस' 4 वेळा आला आहे, आणि चारही वेळा तो वेगळा शब्द आहे. नुसता अर्थ वेगळा असं नाही, घराणंच वेगळं.

'बस झालं' मधला बस फारसी. अर्थ 'पुरे'. 'जाऊन बस' मधला बस संस्कृत 'उपविश्' या धातूचा. प्राकृतात 'उपविशति'चा आकार झिजत गेला, सुरुवातीचा 'उ' गळाला, आणि जुन्या मराठीत 'बैसणे' झालं. संतांच्या अभंगांत 'बैसोनि' भेटतं ते हेच. पुढे 'ऐ' सपाट होऊन 'बसणे' उरलं. (हिंदीतलं 'बैठना' याच धातूचं, पण ते 'उपविष्ट' या भूतकाळवाचक रूपावरून आलं, म्हणून तिथे 'ठ'.) तिसरा, 'बस का काम' मधला, म्हणजे संस्कृत 'वश'. हिंदीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'व'चा 'ब' होतो आणि 'श'चा 'स', म्हणून 'वश'चा 'बस'. मराठीने 'व' जपला, त्यामुळे आपल्याकडे 'वश'च राहिला.

चौथा, रस्त्यावर धावणारा, सगळ्यांत नवलाचा. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये भाडं देणाऱ्या कुणालाही बसता येईल अशा घोड्यांच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांना लॅटिन नाव मिळालं: ओम्निबुस, म्हणजे 'सर्वांसाठी'. 'ओम्निस' म्हणजे सर्व आणि '-बुस' हा चतुर्थीचा बहुवचनी प्रत्यय. इंग्रजीने पुढचा भाग छाटला आणि उरला नुसता प्रत्यय. म्हणजे आपण ज्यात चढतो तो शब्द मुळात विभक्तीचं शेपूट आहे! आणि हे शेपूट आपल्याला अनोळखी नाही. संस्कृतात 'सर्वेभ्यः', 'रामेभ्यः' यांतला 'भ्यस्' प्रत्यय या लॅटिन '-बुस'चा नातलग. विभक्ती तीच, वचन तेच.

असं रूप समोर आलं की मी आधी एकच प्रश्न विचारते: हा एकच शब्द फिरत फिरत अर्थ बदलून आला आहे, की वेगवेगळे शब्द चालत येऊन एका रूपात अडकले आहेत? अमरकोश या संस्कृत शब्दकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांचा भाग, आहे, तिथे हे दोन्ही प्रकार एकाच रांगेत बसवलेले दिसतात. कवीला श्लेष करायला तेवढं पुरतं. भाषांतर करणाऱ्याला, शिकवणाऱ्याला, कोर्टकचेरीची कागदपत्रं वाचणाऱ्याला ते पुरत नाही, कारण दोन्ही प्रकारांत चुका वेगवेगळ्या होतात आणि उपायही वेगवेगळे लागतात.

पहिली कसोटी सोपी आहे. शब्द चालवून बघायचा. 'पाव' घ्या. 'पाव किलो तूरडाळ' मधला पाव काही केल्या बदलत नाही. 'पावाला लोणी लाव' मधला पाव पुल्लिंगी नाम आहे, त्याला विभक्ती लागते. 'देवा, पाव रे' मधला क्रियापद आहे: पावतो, पावला, पावेल. तीन चालणी, तीन मुळं. पहिला संस्कृत 'पाद'. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे पाव. 'पाऊण' म्हणजे 'पाद-ऊन', पावाने कमी. तिसरा 'प्राप्' धातूचा: प्राकृतात 'पावइ', मराठीत 'पावणे', म्हणजे पोचणे. पैसे पोचल्याची खूण ती 'पावती', हे याच घरातलं. 'पाहुणा' मात्र नव्हे. बोलताना त्याचा 'पावणा' होतो आणि 'पोचलेला तो पावणा' असं पटकन वाटतं, पण तो 'प्राघुण' या वेगळ्या शब्दापासून आला आहे.

राहिला दुसरा, खायचा पाव. त्याच्याबद्दल दोन गोष्टी फार फिरतात: पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव, किंवा लादीचे चार भाग करत म्हणून पाव. दोन्ही चूक. तो पोर्तुगीज 'पाँव' आहे, लॅटिन 'पानिस'चा वंशज. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतले ब्रेडचे शब्द त्याचेच भाऊ. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे हा शब्द सोडून आले. जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात, तेही त्यांच्याकडूनच.

आणि 'पान' म्हटलं की आपल्या पानठेल्यावर यावंच लागतं. विड्याचं पान म्हणजे संस्कृत 'पर्ण', प्राकृत 'पण्ण'. ठेल्यावर 'धूम्रपान करू नये' अशी पाटी असेल तर तिच्यातला 'पान' म्हणजे 'पिणे', 'पा' धातूचा. मद्यपान, स्तनपान, जलपान सगळे तिकडचे. विड्याचा पान आणि धूम्रपानाचा पान यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

इथे दुसरी कसोटी येते, आणि ती शिकून घेतली तर निम्मं काम होतं. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दुप्पट होतं, आणि मराठीत द्वित्ताचं एक अक्षर उरून आधीचा स्वर लांबतो. पर्ण, पण्ण, पान. कर्ण, कण्ण, कान. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. म्हणजे मराठीतलं दीर्घ स्वर आणि मागे एक व्यंजन असलेलं आखूड रूप दिसलं की दोन शक्यता तपासायच्या: ते संस्कृतातून जसंच्या तसं आलं आहे, की झिजून लांबलं आहे. 'काम' हे दोन्ही आहे. कामगार, कामचुकार, कामकाज यांतला काम म्हणजे झिजलेलं 'कर्म'. कामना, कामुक, निष्काम यांतला काम म्हणजे इच्छा, मूळ संस्कृत 'काम'. सोबतीला कोण आहे ते पाहिलं की ओळख पटते: घरगुती किंवा फारसी प्रत्ययांबरोबर बहुतेकदा कर्माचा काम, संस्कृत उपसर्ग-प्रत्ययांबरोबर इच्छेचा. 'निष्काम कर्म' या जोडीत तर दोन्ही शेजारी उभे आहेत, एक मूळ रूपात आणि दुसराही मूळ रूपात. 'निष्काम'चा अर्थ 'कामधंदा नसलेला' असा घेतलेला वाचायला मिळतो, त्याचं कारण हेच.

याच नियमाने 'जीर्ण'च्या घराण्यातून प्राकृत 'जुण्ण' आणि त्यातून आपले 'जुना' आणि 'जून'. भेंडी जून निघाली म्हणतो तो हा. इंग्रजी महिना जून रोमन देवी जूनोच्या नावाशी जोडला जातो. त्याचा भेंडीशी संबंध नाही.

काही रूपं एकट्या मराठीच्या पोटातच तिहेरी असतात. 'पण' बघा. 'येतो, पण उशिरा' मधला पण संस्कृत 'पुनर्'चा, प्राकृतात 'पुण' आणि 'पण'. 'मी पण येतो' हाही तोच. सीतास्वयंवरातला 'पण' म्हणजे पैज, संस्कृत 'पण' जसाच्या तसा. आणि बालपण, मोठेपण यांतला '-पण' हा वैदिक '-त्वन' प्रत्ययाचा झिजलेला आकार. हिंदीत तोच '-पन' झाला: बचपन.

आता आपल्या इकडच्या बोलीकडे वळते, कारण या विषयातलं खरं धन तिथे आहे आणि तिच्याकडे 'अशुद्ध' म्हणून पाठ फिरवली जाते. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत दोन ध्वनिबदल ठळक आहेत: 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'य'. पाणी नाही, पानी. डोळा नाही, डोया. हे बदल नियमाने होतात, लहरीने नाही. आणि नियमाने होतात म्हणूनच ते नवी समरूपं, म्हणजे दिसायला एक पण मुळात वेगळे शब्द, तयार करतात. 'काळा'चा 'काया' झाला की तो संस्कृत 'काया'शी, शरीराशी, जुळतो. 'गळा'चा 'गया' झाला की तो हिंदी 'गया'शी, म्हणजे 'गेला'शी जुळतो. "माहा गया दुखून राहिला" हे वाक्य पुण्याच्या माणसाला कोडं वाटेल, इथल्या कुणालाही नाही.

गोंधळ का होत नाही? कारण बोली लिंग आणि वाक्यातली जागा सांभाळते. 'खूण' आणि 'खून' हे प्रमाण मराठीत ण-नने वेगळे राहतात. बोलीत दोन्ही 'खून'. पण 'खून पटली' म्हटलं की खूण आणि 'खून झाला' म्हटलं की हत्या. स्त्रीलिंग-पुल्लिंगाने काम भागतं. 'पोयाचा सन' म्हणजे पोळ्याचा सण, आणि 'सन 1956' म्हणजे साल. 'सण' हा संस्कृत 'क्षण'चा, ज्याचा एक अर्थ उत्सव असाही होता. 'सन' अरबी. हिंदीत 'सन' म्हणजे तागासारखं तंतूचं झाडही, संस्कृत 'शण'. बोली लिहून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की अशा जागी दुरुस्ती करू नका. 'सन' ऐकला तर 'सन'च लिहा, लिंग आणि आजूबाजूचे शब्द टिपा, अर्थ शेजारी नोंदवा. 'सण' लिहून टाकलात तर ध्वनिबदलाचा पुरावाच पुसला जातो.

उलट दिशेचं उदाहरण पोह्यांच्या गाडीवर आहे. 'तरी' हे रूप तिहेरी: 'असं असलं तरी' मधला संस्कृत 'तर्हि'च्या घरचा, होडी या अर्थाचा 'तरी' तरून जाण्यातला 'तृ' धातूचा, आणि रश्श्यावरचा तवंग तो फारसी 'तर', म्हणजे ओला, यावरून. नागपूरकर तिसऱ्याला 'तर्री' म्हणतात. 'र'चं द्वित्त केल्यामुळे इथे तरी हा शब्द बाकी दोघांपासून पूर्ण सुटा झाला आहे.

लिपीही पुष्कळ लपवते. मराठीत 'ज'चे दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे पाण्याचं भांडं हे लिहिताना एक, बोलताना वेगळे. हत्तीचा 'गज' आणि खिडकीचा 'गज' यांचंही तेच: पहिला संस्कृत, दुसरा फारसी. अरबी-फारसी शब्दांत तर देवनागरी अनेक अक्षरं एकाच अक्षरात कोंबते. त्यामुळे तिथे उर्दू वर्तनी बघणं हाच रस्ता. 'नजर' म्हणजे दृष्टी, ती उर्दूत 'ज़ोए' या अक्षराने लिहितात. भेट म्हणून अर्पण केलेली 'नज़्र' ती 'ज़ाल'ने. 'नजराणा' हा दुसरीकडून आला, त्याचा डोळ्यांशी संबंध नाही. तसंच 'आम'. फळांच्या बाजारातला हिंदी 'आम' संस्कृत 'आम्र', उर्दूत अलिफने सुरू होतो. 'आमसभा' मधला अरबी, 'ऐन'ने सुरू होतो. आणि 'आमांश', 'आमवात' यांतला 'आम' म्हणजे संस्कृतातलं 'कच्चं, न पचलेलं'. तीन शब्द, तीन मुळं.

हे सगळे झाले एका रूपात येऊन अडकलेले वेगळे शब्द. त्यांच्यात माणूस फारसा फसत नाही, कारण संदर्भ वाचवतो. खरा धोका दुसऱ्या प्रकारात आहे: मूळ एकच, पण दोन शेजारी भाषांनी त्याला वेगळीकडे नेलं. नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, कारभार हिंदी आणि मराठी दोन्हींत चाले, आणि आजही इथे दोन्ही भाषांतल्या नोटिसा, फलक, पत्रकं रोज निघतात. चुका तिथे होतात.

'हरकती व सूचना' हा सरकारी मराठीतला नेहमीचा जोड. हिंदीत तो 'हरकतें और सूचनाएँ' असा उतरवला तर दोन्ही शब्द घसरतात. हिंदी 'हरकत' म्हणजे कृत्य, बहुधा खटकणारं. अरबी मूळ अर्थ 'हालचाल'. गाण्यातली हरकत त्या अर्थाला सगळ्यांत जवळची. मराठीत तिचा 'अडथळा, आक्षेप' झाला. आणि 'सूचना' मराठीत सुचवणं किंवा बजावणं, हिंदीत माहिती. 2005च्या कायद्याचं नावच बघा: मराठीत माहितीचा अधिकार, हिंदीत सूचना का अधिकार. म्हणून बरोबर हिंदी होईल 'आपत्तियाँ और सुझाव'. आता परतीचा प्रवास: 'आपत्ति हो तो' याचं मराठी 'आपत्ती असल्यास' केलं तर वाचणाऱ्याला पूर किंवा भूकंप आठवेल. संस्कृत 'आपत्ति' म्हणजे येऊन पडणं, ओढवणं. मराठीने संकट ओढवणं घेतलं. शास्त्रातल्या वादात 'तुमचं म्हणणं मानलं तर अमुक नको ते ओढवेल' या दोषाला आपत्ति म्हणतात, आणि हिंदीतला आक्षेपाचा अर्थ त्याच्या जवळचा आहे.

'शिक्षा' तर सर्वांना माहीत आहे: हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. मूळ 'शक्' धातूचं इच्छार्थक रूप, म्हणजे 'समर्थ होण्याची इच्छा', त्यातून शिकणं. मराठीने 'धडा शिकवणं' या अंगाने तो दंडापर्यंत नेला. पण हे मराठीचं एकटीचं वेड नाही, आणि ही गोष्ट नागपुरात सहज पडताळून बघता येते, कारण तेलुगू बोलणारे शेजारीच राहतात. तेलुगूत 'शिक्ष' म्हणजे दंडच. 'खूनी' म्हणजे हत्या, फारसी आणि हिंदीत मात्र खूनचा पहिला अर्थ रक्त. 'संसारम्' म्हणजे आपल्यासारखंच घरकुटुंब, हिंदीत संसार म्हणजे जग. 'राजीनामा' मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींत पद सोडण्याचं पत्र, आणि हिंदी-उर्दूत मात्र तडजोडीचा, समेटाचा कागद. शब्दशः अर्थ 'राजी असल्याचा लेख', म्हणजे हिंदीचा अर्थ मुळाला धरून आहे. मधला दुवा मला जमीन महसुलाच्या दप्तरात दिसतो: जमीन सोडणारा कब्जेदार 'राजीनामा' लिहून देई आणि घेणारा 'कबुलायत'. राजीखुशीने सोडल्याचा लेख तो राजीनामा. जमिनीवरून पदावर यायला फार वाट नाही. अर्थांचा नकाशा काढला तर अशा कित्येक शब्दांत मराठी उत्तरेपेक्षा दक्षिणेला जाऊन बसते. 'हिंदी आणि मराठी जवळजवळ सारख्याच' असं समजून भाषांतर करणाऱ्यांनी हा नकाशा भिंतीवर लावावा.

उरला तिसरा प्रकार, निव्वळ योगायोगाचा. गोंडीत 'पेन' म्हणजे देव. खिशातलं पेन इंग्रजी, लॅटिन 'पेन्ना' म्हणजे पिसापासून. गोंडीत 'नार' म्हणजे गाव. मराठीत बाई, अरबीत विस्तव. एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही. असं का घडतं त्याचा हिशेब साधा आहे. व्यंजन-स्वर-व्यंजन अशा एका अवयवाच्या, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या, शब्दासाठी ढोबळ 30 व्यंजनं आणि 6 स्वर धरले तर 30 × 6 × 30, म्हणजे 5400 रूपंच शक्य आहेत. प्रत्येक भाषेला अशा आखूड शब्दांची गरज मोठी. 2 भाषा शेजारी ठेवल्या की जुळणी होणारच, आणि काही वेळा अर्थही जुळणार. फारसी 'बद' (बदनाम मधला) आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, रूप जवळजवळ एक, नातं शून्य. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम नावाच्या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग'च्या अगदी जवळचा शब्द होता, आणि तो त्याच भागातल्या 'गुदगा' या जुन्या शब्दापासून तिथल्या ध्वनिनियमांनी आला होता. म्हणून आखूड शब्द जुळला तर संशय घ्यायचा. तीन-चार अवयवांचा शब्द जुळला तर मात्र नातं किंवा उसनवारी शोधायची.

उलटही होतं: रूप नि अर्थ दोन्ही दूर गेलेले, आणि नातं मात्र सख्खं. 1702च्या सुमारास नागपूर वसवणाऱ्या गोंड राजाचं नाव बख्त बुलंद शाह. 'बख्त' फारसी, अर्थ नशीब. संस्कृत 'भक्त'चा मूळ अर्थ 'वाटून दिलेलं', 'भज्' धातूपासून. वाट्याला आलेलं ते नशीब. बख्त आणि भक्त एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत, आणि नशिबाला आपण 'भाग्य' म्हणतो तोही त्याच धातूचा.

स्वतः तपासायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी मोल्सवर्थचा मराठी कोश, 1857ची आवृत्ती: शब्दापुढे कंसात संस्कृत, अरबी, फारसी, हिंदी अशी मुळाची खूण असते, आणि समरूप शब्द बहुधा वेगळ्या नोंदींत असतात. खूण नसेल तर झिजलेला शब्द धरून टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या 1966च्या तौलनिक कोशात बघा. तिथे नोंदी संस्कृत मुळाखाली आहेत, म्हणून शब्दसूचीच्या वेगळ्या खंडातून मराठी रूप शोधून नोंदीच्या क्रमांकावर जायचं. हिंदी, गुजराती रूपं तिथेच शेजारी मिळतात. गुजराती आणि हिंदी रूप ध्वनिनियमात बसत नसेल तर मूळ चुकलं असं समजा. गोंडी, तेलुगूचा संशय असेल तर बरो आणि एमेनो यांचा द्राविडी कोश, 1984ची आवृत्ती. अरबी-फारसी असेल तर प्लॅट्सचा 1884चा उर्दू कोश, त्यात उर्दू लिपीतली वर्तनी बघायची. हे चारही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शोधताना अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ जुन्या पद्धतीचे आहेत हे लक्षात ठेवा. 'पाहिजे ते सापडत नाही' अशी तक्रार बहुतेक वेळा तिथेच उगवते: 'नाही' शोधू नका, 'नाहीं' शोधा.